शेवटचा वापर

निनाद आरवाडेची जोडस्मृती सत्त्याण्णव टक्के भरल्याचा इशारा मशीनच्या पडद्यावर फेब्रुवारीपासून येत होता. मे महिन्यात तो सख्ख्या बहिणीचं नाव विसरला, तेव्हा त्याच्या बायकोने, हेमांगीने, स्मृतिसेवा केंद्राकडे अर्ज केला. मशीनमधल्या मेमरीच्या पट्ट्या बदलायला माणूस आला तो नोव्हेंबरात.

या सहा महिन्यांत हेमांगीला एकच धास्ती होती. बहिणीचं नाव गेलं, ते पुन्हा सांगता आलं. ओजस जायला नको होता. ओजस त्यांचा मुलगा. नवव्या वर्षी गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. तो जन्मल्यापासून कसा वाढला हे सबंध ठाऊक असलेली माणसं जगात दोनच होती, आणि त्यातलं एक मशीनवर चालत होतं.

ते मशीन म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेला एक साधा डेस्कटॉप. बारा वर्षांपूर्वी निनादला मेंदूचा ताप आला आणि त्यात आठवणी नोंदवून ठेवणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा भाग कायमचा निकामी झाला. हा भाग गेला तरी माणूस बोलतो, जेवतो, सायकलही चालवतो. पण दहा मिनिटांपूर्वी काय घडलं ते त्याला सांगता येत नाही. निनादच्या बाबतीत ते काम कोपऱ्यातली पेटी करत होती; जुन्या आठवणींची वाटही त्याच भागातून जाते, म्हणून त्याही तिच्यातच होत्या. कानामागे कातडीखाली बसवलेली एक चकती दिवसभराचे अनुभव पेटीकडे पाठवायची आणि आठवण लागली की पेटीतून मागवून घ्यायची. मेंदू आणि पेटी यांच्या या जोडणीला जोडस्मृती म्हणत. मिरजेत दवाखाने पहिल्यापासूनच उदंड, त्यामुळे अशी चाळीसेक घरं तरी गावात होती.

केंद्राकडून आलेली झरीन मुजावर तिशीची होती. मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेली, आणि खांद्याला पेचकसांची पिशवी. तिने दारातच चपला काढल्या तेव्हा निनाद गॅलरीत पावट्याच्या शेंगा सोलत बसला होता.

"सांगलीहून आलात? कुठली बस?" त्याने तिथूनच विचारलं.

"साडेनऊची, काका."

"ती विश्रामबागला चार मिनिटं थांबते. उगाच थांबते. मी वेळापत्रकात होतो तेव्हा दोनदा लिहून दिलं होतं."

"आज सहा मिनिटं थांबली."

"बघा!" निनादने हेमांगीकडे असं पाहिलं, जणू खटला जिंकला.

एसटीच्या सांगली आगारात वेळापत्रकं आखणं ही त्याची नोकरी होती. ती सुटून बारा वर्षं झाली, तरी विटा, जत, कवठेमहांकाळ सगळ्या गाड्यांच्या वेळा तो रोज सकाळी तोंड धुताना मोठ्याने म्हणत असे.

झरीनने पेटीवरचं विणलेलं कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि झाकणाचे स्क्रू काढले. पेटीच्या लोखंडाला तिने आधी तळहात टेकला. अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून. मग आतल्या दोन खाचांमध्ये उभ्या असलेल्या दोन हिरव्या पट्ट्या हेमांगीला दाखवल्या.

"हा तुमचा ओटा, काकू. आणि ती खालची डिस्क, तो माळा. स्वयंपाक ओट्यावर जेवढं हाताशी असतं तेवढ्यावरच होतो ना? काकांचं जगणं या दोन पट्ट्यांवर चालतं."

"माळ्यावर जागा भरपूर असेल की. तिथूनच का नाही चालवत?"

"उशीर होतो. आठवण पाव सेकंदाच्या आत पोचली नाही तर मेंदू ती आपली मानत नाही. कुणीतरी सांगितलेली गोष्ट वाटते. म्हणून सगळं ओट्यावर लागतं."

"आणि ओटा भरला की?"

"मग उतरंडीचा नियम. उतरंडीतलं जे मडकं काढलं, वापरलं, ते परत ठेवताना सगळ्यात वर ठेवतो आपण. ज्याला हातच लागत नाही ते खाली खाली जातं. जागा कमी पडू लागली की मशीन तळाचं उचलून माळ्यावर टाकत राहतं; पडद्यावर इशारा येतो तो त्यानेही भागेना झाल्यावर. खऱ्या उतरंडीत तळाचं काढलं तर सगळी कोसळेल. ही कोसळत नाही, एवढाच आमचा पराक्रम."

"म्हणजे महत्त्वाचं काय, बिनमहत्त्वाचं काय, ते नाही बघत?"

"ते कसं कळणार मशीनला? ते फक्त शेवटचा वापर बघतं. शेवटचं कधी आठवलं होतं, ती तारीख."

हेमांगीने स्टूल जवळ ओढून घेतलं. गॅलरीचं दार लोटलं. "एक नाव बघशील?"

"सांगा."

ते नाव या घरात मोठ्याने घेतलं जात नव्हतं.

"ओजस."

झरीनने टाइप केलं. पडद्यावर काही आलं नाही. तिने आडनाव जोडून पाहिलं, मग दुसरी खिडकी उघडली.

"ओट्यावर नाही, काकू. माळ्यावर आहे. बराच मोठा गठ्ठा आहे. शेवटचा वापर सहा वर्षांपूर्वी. मशीनने उतरवलाय अकरा मार्चला, चार वर्षांपूर्वी." ती हेमांगीकडे वळली. "कोण हे?"

हेमांगीने सांगितलं. सांगताना तिचा आवाज एकसारखा होता, बँकेत पत्ता सांगावा तसा. शेजारच्या पाटलांच्या ट्रॉलीतून पोरं गुऱ्हाळाला निघाली होती. वाटेत ट्रॉली उलटली. बाकीची खरचटली. ओजस खाली सापडला. त्यानंतर तिने मंदिरात मुनिमहाराजांसमोर गुळाचा नियम घेतला, आयुष्यभराचा त्याग. घरात गुळाचा खडा आला नाही, तिळगुळाचे लाडू झाले नाहीत, पुरणपोळीचा सणही भाजीपोळीवर गेला. फोटो कपाटात गेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिने दारातच सांगून ठेवलं, यांच्यासमोर विषय काढू नका.

झरीन ऐकत राहिली. आठवण वर यायला काहीतरी धक्का लागतो हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. चव, वास, नाव, चेहरा. या घरातून एकेक धक्का मोठ्या कसोशीने काढून टाकलेला होता.

"काकांना त्रास होऊ नये म्हणून?"

"निनादनेच पाठवलं होतं त्याला," हेमांगी म्हणाली. "मी नको म्हणत होते. ट्रॉलीचा हॉर्न वाजला आणि हा दारात उभा राहून म्हणाला, जाऊ दे. तेवढंच. मी त्याला एका शब्दाने बोलले नाही. आजतागायत नाही. विषयच काढला नाही, म्हणजे त्याला ते आठवायला नको."

दरवर्षी ओजसच्या वाढदिवसाला निनाद गॅलरीत गप्प बसून असे. हेमांगी त्याच्या शेजारी बसे. दोघं काही बोलत नसत, आणि वर्षातला तेवढाच एक तास तिला सोबत वाटत असे. आता तिच्या लक्षात आलं की गेल्या सहा वाढदिवसांना शेजारचा माणूस नुसता ऊन खात बसला होता. याचं वाईट वाटायला हवं होतं. तिला फक्त हात गार लागले.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"नव्या पट्ट्या चौपट मोठ्या आहेत. परत ओट्यावर आणता येईल. पण एक सांगते, नीट ऐका. तुमच्या-माझ्या मेंदूत आठवण दगडावर कोरलेली नसते. दर वेळी आपण ती बाहेर काढतो आणि परत ठेवताना नव्याने लिहितो. लिहिताना थोडी बदलते. टोकं झिजतात, सोसवेल अशी होते. दुःख कमी होतं म्हणतात ते असं होतं. मशीन तसं करत नाही. त्या दिवशी जे आलं ते जसंच्या तसं. अकरा वर्षं झाली हे काकांना समजेल, पण लागेल ते आजच्यासारखं. आणि नव्या पट्ट्या निदान तीस वर्षं भरणार नाहीत. म्हणजे उतरणारही नाही."

"आणि नाही आणलं तर?"

"तर आहे तसं. काकांना विचारावं लागेल मात्र. माझ्या एकटीच्या हातात नाही, तुमच्याही नाही."

ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला ती हवी का, हे ती न सांगता विचारायचं होतं. हेमांगी गॅलरीत गेली आणि त्याच्या समोरच्या पायरीवर बसली.

"निनाद, तू एक गोष्ट विसरला आहेस."

"एकच? मग तब्येत सुधारली म्हणायची."

"वाईट आहे. मोठी आहे. ही मुलगी म्हणते परत आणता येते. आणू का?"

त्याने हातातली शेंग ताटात ठेवली. "तुला माहितीय ती?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो. तुलाही होती. चार वर्षांपूर्वी गेली."

"म्हणजे चार वर्षं तू एकटीच." त्याने ताट बाजूला सारलं. "आण की मग. विचारतेस काय वेड्यासारखं."

झरीनने त्याची संमती नोंदवून घेतली. ओट्यावरचं सगळं डिस्कवर उतरवलं आणि मशीन बंद केलं. निनादला खुर्चीत बसवलं होतं. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून तिने जुन्या पट्ट्या काढल्या आणि नव्या खाचेत दाबल्या. टक् असा आवाज दोनदा आला. या वेळेला केंद्रातली माणसं रिकामी वेळ म्हणत. निनादने खोलीभर नजर फिरवली आणि उभ्या असलेल्या हेमांगीला तो अदबीने म्हणाला, "बसा ना तुम्ही. घरातले येतीलच इतक्यात."

हेमांगी बसली.

मशीन सुरू झालं. झरीनने डिस्कवरचं परत चढवलं, आणि शेवटी तो गठ्ठा.

निनादचा हात गुडघ्यावर होता, तो तिथेच मुठीत आवळला गेला. हेमांगी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला त्याला सांगायचं होतं की तुझी चूक नव्हती. अकरा वर्षं राखून ठेवलेलं वाक्य होतं ते. पण तोच आधी बोलला.

"बाजूच्या फळ्या नव्हत्या गं त्या ट्रॉलीला." आवाज त्याचा नेहमीचाच होता, फक्त सावकाश. "मी दोनदा नको म्हणालो. तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, जाऊ दे रे, घरात बसून बसून बापासारखा होईल. आणि पिठाच्या हातानेच त्याला टोपी घातलीस. निळ्या टोपीवर बोटं उठली तुझी. तो म्हणाला, आई, घाण केलीस."

हेमांगीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"मी तुला कधी बोललो नाही," निनाद म्हणाला. "बोलायचंच नाही असं ठरवलं होतं मी. आज कसं तोंडातून गेलं..." मग तो ओंजळीत तोंड घालून रडू लागला. ओजसचा देह आजच घरी आणला असावा, तसा.

हेमांगी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने तिने झरीनला विचारलं, "यात चूक असू शकते? मशीनमध्ये?"

झरीन पडद्याकडे पाहत होती. प्रश्न कशाबद्दल आहे हे तिला कळलं होतं, आणि दुसरं काही सांगता आलं असतं तर तिने सांगितलं असतं. "नोंद त्याच दिवसाची आहे, काकू. दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. त्यानंतर ती पुन्हा कुणी लिहिलेली नाही."

तिने झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि तपासणीच्या कागदावर हेमांगीची सही घेतली. सही नेहमीसारखीच आली.

हेमांगीने डोळे मिटून ते दार पुन्हा पाहिलं. पाटलांचा हॉर्न वाजत होता. निनाद उंबऱ्यात उभा होता, 'जाऊ दे' म्हणताना त्याचे ओठ हलताना स्पष्ट दिसत होते, आणि तिचे स्वतःचे हात कोरडे, स्वच्छ होते.