हळदीचा पाय

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. मागनं हसू यायचं न्हाई.

ही गोष्ट कुनाच्या तोंडनं तोंडी आलेली न्हाई. नाथाजी म्हंजी माझ्या आईचा सख्खा चुलता. त्याला मी या डोळ्यांनी बघितलंय. आजोळच्या सोप्यात, खांबाला टेकून बसलेला. डावा पाय मांडीपास्नं न्हाई, आनि उजवा पाय कायम गोधडीत गुंडाळलेला. वैशाखात सुदिक.

नातू माझा सध्या जुनी गाडी बघतोय. पैली गाडी. म्हंतो, "आजी, आटोमॅटिक घेतो. किलच नसतोय. पायाला तरास न्हाई."

म्हनून आठवलं.

लढाई संपली त्याच्या दुसऱ्या सालचा चैत्र. जागा, रहिमतपूरच्या अलीकडची आमची आजोळची वाडी. अमावस्येची सांज.

पन आधी गाडी कशी आली त्ये ऐका.

नाथाजी पलटनीत डायव्हर व्हता. इटलीत सुरुंग फुटला, डावा पाय तिथंच ऱ्हायला. सरकारनं पायाचे पैसे दिले आनि घरी धाडलं. घरी थोरला भाऊ हंबीरराव. बैलांचा पारखी. खिल्लाराच्या बाजारात त्याचा शब्द चालायचा, आनि जीभ म्हंजी नुसती पराणी. ताटावर बसलं की टोचायचा.

"नाथ्या, तीन पायाचा बैल दावनीला कोन ठेवतंय रं? आमी मातूर ठेवलाय."

नाथाजीची बायको बनुबाई भाकरी वाढताना खाली बघायची. नाथाजीचा घास तोंडातच फिरायचा.

त्याला येकच पायजे व्हतं. भावाच्या तुकड्यावर जगायचं न्हाई. गाडी घ्यायची, रहिमतपूर टेसनावरनं साताऱ्याला मानसं न्यायची, सोताच्या कमाईची भाकरी खायची.

पन गाडीला तीन पायडलं. उजव्या पायाला बिरेक आनि रेस. डाव्या पायाला किलच. त्यो दाबल्याबिगर गेर पडत न्हाई.

डावा पाय आनायचा कुठनं?

पलटनीत त्यानं ऐकलं व्हतं, गोऱ्यांकडं बिनकिलचाच्या गाड्या असत्यात. तशी जुनी कुठं गावंल का म्हनून त्यो हिंडला. कऱ्हाडला येक लष्करी जीप बघितली. दणकट व्हती, पन किलच. साताऱ्यात येका डाक्टरची ल्हान गाडी बघितली. टायर नवं, इंजान गोड. पन किलच.

मग कुनीतरी सांगलीचं नाव काढलं. लालासाहेब म्हनून हळदीचा व्यापारी. त्याच्याकडं गाडी हाय. आपसूक चालती.

हंबीरराव संगं गेला. "तुला काय कळतंय? जनावर बघायला डोळा लागतो."

हरिपूरच्या वाटंला हळदीची पेवं हायती. जमिनीच्या पोटातली कोठारं. त्याच्या शेजारी लालासाहेबाची वखार. वखारीत गाडी हुबी. काळी. पन हळदीच्या धुरळ्यानं अशी पिवळी झालेली, की नवरीच जनू.

नाथाजीनं कुबडी टेकून टायर बघितलं, तेलाची काडी वढून वास घेतला, इंजान चालू करून धूर बघितला. हंबीररावानं इंजानाच्या टोपनावर थाप मारली, चाकाखाली वाकला, मागनं फिरला.

"खोड दिसत न्हाई," म्हनला. "मारकी हाय का?"

लालासाहेब गालात हसला. "मालक, गरीब गाय हाय."

नाथाजी आत बसला आनि त्याचं तोंड उतरलं.

पायडलं तीन व्हती.

"तिसरं इसरा," लालासाहेब म्हनला. "त्ये शोभंचं हाय. गेरच्या दांडीला निसता हात लावा. हवेवर चालतंय, विलायती करामत."

नाथाजीनं दांडीला हात लावला.

तिसरं पायडल... हळूच... खाली गेलं.

गेर पडला. पायडल वर आलं. गाडी लोण्यावानी सरकली.

नाथाजीच्या डोळ्यात पानी आलं. पायाच्या पैशात पाय मिळाला व्हता!

वखारीबाहीर हळद निवडत बाया बसल्या व्हत्या. गाडी म्होरनं गेली तशा साऱ्यांनी वर बघितलं.

येकीनं न्हाई. तिनं पदर वढला आनि भिंतीकडं तोंड केलं.

गाडी घेऊन दोघं भाऊ इस्लामपूर, कऱ्हाड, मसूर करत निघाले. वळान आलं की नाथाजीच्या मनात गेर बदलायचं यायचं. हात दांडीकडं जायच्या आधीच पायडल खाली गेलेलं असायचं.

"शानी हाय," हंबीरराव म्हनला.

नाथाजीची नजर तिसऱ्या पायडलावरच व्हती.

वाडीत पोचली तवा सांज झाल्याली. अमावस्या. आमच्यात नवं जनावर दारी आलं की घरची बाई त्याच्या पायावर पानी घालती, भाकरीचा तुकडा ववाळून त्याला चारती आनि तोंडानं 'ये' म्हनून घरात घेती. गाडी काय आनि बैल काय? बनुबाईनं चारी चाकांवर पानी घातलं. भाकरी ववाळली. गाडीला तोंड कुठलं, म्हनून तुकडा आत पायडलांपाशी ठेवला. आनि हात जोडून म्हनली,

"ये. ह्यो उंबरा तुजा. आमचं त्ये तुजं."

गाडी बंद व्हती.

तरी येका अंगाला जरा कलली... आनि सावरली.

कुनी उतरल्यावर कलती, तशी.

दारातलं कुत्रं उठलं आनि शेपूट घालून गेलं. त्ये त्या दारात परत आलंच न्हाई. आनि सकाळी बनुबाईनं गाडीत बघितलं तर भाकरीचा तुकडा नव्हता.

"उंदरानं नेला असंल," नाथाजी म्हनला.

धंदा मातूर लय चालला. टेसनावर मानसं त्याचीच वाट बघायची. ताटावर हंबीररावाची जीभ गप झाली. बनुबाई मान वर करून वाढायला लागली.

आनि मग येक दिस गाडी पुसताना नाथाजीला तिसऱ्या पायडलावर डाग दिसला.

पिवळा.

नीट बघितलं. पाच बोटं. टाच. उघड्या पायाचा ठसा.

त्यानं पुसला. दुसऱ्या दिशी परत... तिथंच. वला.

त्यो गाडीखाली शिरला. हवेची नळी शोधली. करामत शोधली. नळी न्हाई, कायबी न्हाई. साधी लोखंडी सळई. कंच्याबी गाडीला असती तशी. कुनीतरी दाबल्याशिवाय हलायची न्हाई, तशी.

त्यो गाडीखालीच पडून ऱ्हायला.

आनि वरनं आवाज आला. पायडल खाली... वर. खाली... वर.

करमत नसल्यावानी.

दुपारची गोष्ट. नाथाजी सोप्यात आडवा झालेला. कुबडी उशाला. आतनं बनुबाई वरडली,

"आवं, घरात कशाला उड्या मारताय? आत्ताच सारावलंय की!"

"मी हितं हाय," नाथाजी म्हनला.

आत येकदम शांत झालं.

मग... धप.

मग... परत धप.

सारावलेल्या वल्या भुईवर पावलं उठली व्हती. उंबऱ्यापास्नं चुलीपातूर. येकच पाय. डावा. उजवा कुठंच न्हाई. आनि साऱ्या घरात कच्च्या हळदीचा वास.

दुसऱ्या दिशी नाथाजी सांगलीला गेला. गाडी परत द्यायला.

"इकलेलं जनावर परत घेत्यात व्हय?" लालासाहेब सुपारी कातरत म्हनला. "पायाला पाय दिला, आनि वर तक्रार!"

नाथाजी कुबडी टेकत बाहीर आला. ती भिंतीकडं तोंड करनारी बाई तिथंच हळद निवडत व्हती. तिचं नाव राहीबाई.

वर न बघताच ती म्हनली, "घरात घेतला का त्याला?"

"कुनाला?"

"माझ्या मालकाला. हरिबाला."

हरिबा लालासाहेबाचा डायव्हर. अनवानी गाडी चालवायचा. दिसभर हळदीत वावरून पाय कायम पिवळं. येक दिस म्होरं हुबा ऱ्हाऊन हँडल मारत व्हता, लालासाहेब आत बसलेला. बसल्या बसल्या त्याचा हात गेरच्या दांडीला लागला. गाडीनं उडी घेतली आनि हरिबाला वखारीच्या भिंतीवर दाबलं.

"लालासाहेब उतरला," राहीबाई म्हनली. "आधी गाडीचा रंग खरवडला का त्ये बघितलं. मग मानसाकडं. उजवा पाय भिंतीलाच ऱ्हायला आनि मानूस गेला, पाव्हनं."

हातातली हळद तिनं सुपात टाकली.

"मागनं दर सांजंला माझ्या दाराशी यायचा. येका पायावर. आत ये म्हनावं म्हनून हुबा. माझा नवरा व्हता. तरी म्हनले न्हाई."

"का?"

"मला दोन पाय हायती न्हवं."

मग तिनं पैल्यांदा वर बघितलं. नाथाजीच्या पायाकडं.

"आगं बया... उजवाच हाय की."

नाथाजी म्हनला, "बायकोनं घरात घेतला. आमचं त्ये तुजं म्हनली."

राहीबाई गपकन उठली. "जिनं ये म्हनलं, तिनंच जा म्हनायचं. त्याच उंबऱ्याशी. तशीच भाकरी ववाळून. दुसऱ्या कुनाचं त्यो ऐकायचा न्हाई. जावा, बिगीनं जावा!"

नाथाजी निघाला. दांडीला हात लावला. पायडल खाली गेलं. किती हलकं, किती मऊ!

आनि वाटंत त्याच्या मनात आलं... ह्यो गेला तर किलच कोन दाबनार?

ह्यो गेला तर परत सोपा. परत भावाचा तुकडा. परत तीन पायाचा बैल.

घरी गेला आनि कायबी बोलला न्हाई.

आजची खेप करू, उद्या सांगू. उद्याची खेप करू, परवा सांगू. बनुबाईनं इचारलं तर म्हनला, "गाडीत कायबी न्हाई. सांगलीच्या मानसांला सवय हाय बोलायची." आनि झोपताना उजवा पाय मातूर गोधडीत गच्च गुंडाळायचा.

नाथाजीला वाटलं, हरिबा आपलाच पाय मागतोय. त्यो जपला की झालं.

चैत्र सरत आलेला. अमावस्येची सकाळ. बनुबाई चुलीपुढनं म्हनली,

"आवं, माझ्या पायाला हळद कुनी लावली?"

तिनं लुगडं वर केलं. घोट्यापातूर पिवळा.

उजवा.

तवा नाथाजीच्या तोंडनं सारं भडाभडा बाहीर पडलं. बनुबाई ऐकत ऱ्हायली. मग येवढंच म्हनली, "तुमाला ठावं व्हतं?"

नाथाजीनं मान खाली घातली.

सांजंची वाट बघितली. जशी आली तशीच धाडायची म्हनून नाथाजीनं गाडी गल्लीतनं वळवून दारात घेतली. इंजान चालू. बनुबाई उंबऱ्याखालच्या जोत्याच्या दगडाला पाठ लावून गाडीम्होरं हुबी. हातात तांब्या. हातात भाकरी.

नाथाजीचा उजवा पाय बिरेकवर. गच्च.

तिनं पानी घातलं. भाकरी ववाळली. तोंड उघाडलं.

"ज..."

नाथाजीच्या पायावर... पाय पडला.

गार. वला.

त्या पायानं त्याचा पाय बिरेकवरनं उचलला, रेसवर ठेवला... आनि दाबला.

"दादा! दादा, मला धर!" नाथाजी वरडत व्हता. पन इंजानापुढं कुनाला ऐकू जातंय?

हंबीरराव धावत आला तवा गाडी गप झाली व्हती. बनुबाई टोपनाच्या आनि दगडाच्या मधी. तोंड तसंच उघडं. त्यो शब्द आतच ऱ्हायला.

हंबीररावानं भावजयीकडं बघितलं. मग... गाडीच्या टोपनावरनं हात फिरवला.

"काय झालं न्हाई," म्हनला. "इकली जाईल."

माझा आज्जा व्हता त्यो. पन खरं त्ये खरं.

मयत करून मानसं माघारी आली. मागं ऱ्हाऊन घर सारावलेली शेजारीन दारातच थांबली. आत जाईना. नाथाजी रांगत उंबऱ्यापातूर गेला.

वल्या भुईवर पावलं व्हती. उंबऱ्यापास्नं चुलीपातूर, चुलीपास्नं दारापातूर. सरळ. सावकाश. उड्या न्हाईत.

दोन पायांची.

डावं पाऊल गड्याचं. मोठं, पसरट.

उजवं ल्हान व्हतं. बोटाजवळ जोडव्याचा वळ.

नाथाजी त्या सोप्यात म्हातारा झाला. भावाचाच तुकडा खाल्ला. गाडी हंबीररावानं रहिमतपूरच्या बाजारात खटावकडच्या येका गड्याला इकली. हाती पायी धड मानूस. त्यो म्हनं सगळ्यांला सांगायचा, असली गाडी बघितली न्हाई. पाय वर घेऊन मांडी घालून बसलं, तरी चालती.

जा म्हनायला आता कोनच उरलं न्हाई.

नातवाला परवा ही गोष्ट सांगितली. हसला. "आजी, आता सगळ्याच गाड्या तशा असत्यात. आपसूक."

असत्यात की. मी कुठं न्हाई म्हंते?

पन आत वाकून कवा बघितलंय का रं, दाबतंय कोन?