कॅथलॅबमधला दुसरा हात

"नवीन डॉक्टर म्हणून सार्थकला घेतलंय मी. पुढच्या महिन्यापासून कॅथलॅबमध्ये तोच असेल माझ्यासोबत," सुयश जेवता जेवता सहज म्हणाला आणि भाजी वाढणारा राजनंदिनीचा हात जागच्या जागी थांबला.

"आणि मी?"

"तू आहेसच की ओपीडीला! सुरुवातीला त्याला जरा शिकव मात्र. तुझा हात चांगला आहे."

तुझा हात चांगला आहे...! नवऱ्याच्या तोंडून हे ऐकायला ती किती वर्षं आसुसली होती, आणि ऐकलं ते असं!

दोघंही हृदयरोगतज्ज्ञ. अँजिओप्लास्टी दोघं एकत्र शिकले, उस्मानपुऱ्यातला दवाखानाही एकत्रच उभारला. मग लेकीची, अपेक्षाची, चाहूल लागली. अँजिओप्लास्टी जिथं होते त्या कॅथलॅबमधल्या क्ष-किरणांपासून जपायचं म्हणून राजनंदिनी काही महिन्यांसाठी बाहेर आली. बाळंतपणानंतर परत जायला निघाली, तेव्हा सासूबाई, आवडाबाई, म्हणाल्या, "बाईमाणसानं बाहीर पेशंट तपासावं. आतलं दांडगं काम सुयशला करू दे. लेकराकडं कोण बघंल?" सुयश काहीच बोलला नाही. अपेक्षा आता शाळेत जात होती, पण ते 'काही महिने' संपलेच नव्हते.

गंगापूरचे, करमाडचे डॉक्टर पेशंट पाठवत ते सुयशकडे. पण एखादी रक्तवाहिनी हट्टाला पेटली, अडथळ्यातून न्यायची बारीक तार पुढे सरकेना, की ओपीडीत फोन वाजे, "नंदिनी, जरा ये ना..." ती शिशाचा जड एप्रन चढवून आत जाई, तार पलीकडे नेऊन देई आणि मुकाट्यानं पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसे. बाहेर नातेवाईक शाल-नारळ द्यायचे, ते सुयशला. संसार एक, दवाखाना एक, मग यश कुणाच्या का नावावर असेना, अशी ती मनाची समजूत घालत आली होती. पण आपल्याच जागेवर दुसऱ्याला बसवायचं आणि वर त्याला शिकवायचंही...!

तिनं उरलेली भाजी वाढली.

त्याच आठवड्यात एका दुपारी मेथी निवडता निवडता आवडाबाईंनी छाती धरली. दवाखान्यात आणून काढलेला ईसीजी पाहताच दोघांचे चेहरे उतरले. सार्थक अजून रुजू व्हायचा होता, आणि दुसरीकडे न्यायला वेळ नव्हता. टेबलावर घेताना आवडाबाई कण्हत म्हणाल्या, "सुयश, तूच कर रं बाबा... दुसऱ्या कुणाचा हात नको."

काचेपलीकडे उभ्या असलेल्या राजनंदिनीनं ते ऐकलं आणि ती तिथंच उभी राहिली.

अँजिओप्लास्टीत पेशंट जागा असतो, तार जिथून आत जाते ते मनगट फक्त बधिर केलेलं असतं. आवडाबाईंना सगळं ऐकू येत होतं. तार पुन्हा पुन्हा मागे फिरत होती. रक्तदाब घसरत होता. सुयशनं काचेकडे पाहिलं.

"नंदिनी, ये. मला जमत नाहीये."

"आई नको म्हणाल्या..."

"त्या गंगापूरच्या सरपंचाला कुणी वाचवलं? तूच ना! दरवेळी अडलं की तूच काढतेस! ये गं... माझी आई आहे ती!"

 मग हिरव्या चादरीखालून क्षीण आवाज आला, "ये पोरी."

राजनंदिनीनं तार हाती घेतली. चिमटीत किंचित फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली... आणि ती अलगद पलीकडे गेली. स्टेंट बसला. आवडाबाईंच्या छातीवरचा भार उतरला.

संध्याकाळपर्यंत गंगापूरहून पाहुणे जमले. आयसीयूच्या दाराशीच त्यांनी सुयशच्या गळ्यात हार घातला. "आईला परत आणलं गड्या! हात हाय का काय!" सुयश कसनुसा हसला आणि आत आला. आवडाबाई सुनेकडे बघत होत्या.

"कवापासून चाललंय गं हे?"

"अपेक्षा झाल्यापासून, आई."

"आन् तू बोलली नाय?"

"कुणाला बोलू? तुम्हीच तर बाहेर बसवलं होतं मला..."

"व्हय. म्याच." आवडाबाईंच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. "लई वंगाळ केलं म्या. सुयश, जा. आत कोण हुतं, ते पाव्हण्यांला सांग."

"आई, आता कशाला..."

"आत्ताच. मला हितं ऐकू यायला पायजे."

सुयशनं गळ्यातला हार काढला. तो बाहेर गेला. त्याचा आवाज आधी अडखळला, मग स्पष्ट ऐकू आला. "मी नाही केलं. मला जमलं नाही. नंदिनीनं केलं. आणि हे काही पहिल्यांदा नाही."



परत आला तेव्हा त्याची मान खाली होती. "तू का नाही बोललीस, असं मीही विचारणार होतो, नंदिनी... पण मला ठाऊकच होतं सगळं. सोयीचं होतं ते. सार्थकला नको म्हणून कळवतो."

"येऊ दे त्याला. शिकवीन मी," ती म्हणाली. "पण सोमवारपासून मी आत असेन. माझ्या केसेस माझ्या नावावर. ओपीडी तुम्ही दोघं वाटून घ्या."

"बरं," तो म्हणाला.

त्या एका शब्दानं इतक्या वर्षांचा बांध फुटला! ती पलंगाच्या कठड्याला धरून हमसून हमसून रडू लागली. आवडाबाईंचा पट्टी बांधलेला हात चाचपडत आला आणि त्यानं तिची बोटं घट्ट धरली.

"रड, पोरी," त्या म्हणाल्या. "आज रडून घे. सोमवारी हात थरथरायला नको."