डाव्या हाताची पात

भुताखेताचं मला सांगू नका. मी एडिटर आहे. परभणीत स्टँडच्या मागं माझं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे, आणि पडद्यावर जे दिसतं ते कसं जुळवतात हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी हे एकदा लिहून टाकतो.

सहा वर्षांमागं, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, मी, बबलू आणि अपेक्षा अशा तिघांनी स्पर्धेसाठी गाण्याचा व्हिडिओ केला. काय दिवस होते! कॅमेरा उसना, अपेक्षाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिघांत, आणि ताडकळसला जायला एकच मोटारसायकल. गाणं बबलूच्या बानूआत्याचं. खुरपणीला प्रत्येक बाई आपापली पात धरते, म्हणजे पिकातली तिच्या वाट्याची पट्टी. गातात जोडीनं. एक अर्धी ओळ उचलते, शेजारच्या पातीतली ती पुरी करते. आत्याची जोडीदारीण रुख्मिणी. चाळीस वर्षं दोघी शेजारी खुरपत आलेल्या. रुख्मिणी वारली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

"गाईन की," आत्या म्हणाली. "पर तिची जागा सोडावी लागंल बघ. मी माझं म्हणते, मग थांबते. मग ती म्हणते. तेवढंच ऱ्हायलंय बाबा माझ्यापाशी."

"सोडतो, आत्या," मी म्हणालो. मनात म्हटलं, म्हातारं माणूस, चालायचंच.

श्रावणातली सकाळ होती. ओल्या काळ्या मातीचा वास, चपलेला किलोभर चिखल. आत्या सोयाबीनमध्ये बसली. डाव्या हाताची पात तिनं मोकळी ठेवली.

'पयली माझी पात गं, बांधाच्या कडंनं…'

आवाज लय गोड. मग ती थांबली. खुरपंही थांबलं. डावीकडं बघून हसली, मान डोलावली आणि पुढची ओळ उचलली. अशा अकरा जागा आल्या. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आपला घड्याळ बघत होतो.

एडिटिंगला बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली. सुरुवातीला डाव्या पातीत घोट्याएवढं गवत होतं. शेवटी पात साफ.

"चहाला उठलो तवा कुणी खुरपलं आसंल," बबलू म्हणाला.

"आरं, मधी कॅमेरा बंद कुठं केलता आपण?" मी म्हणालो.

अपेक्षानं उठून पंखा बारीक केला.

स्पर्धेचा नियम तीन मिनिटांचा. गाणं चार मिनिटं चार सेकंद. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? अकराच्या अकरा जागा कापल्या, गाणं दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांवर आणलं.

"आत्याला शब्द दिलतास तू," अपेक्षा म्हणाली.

"आत्या काय घड्याळ लावून बसणार हाय का?" मी खेकसलो.

पहिलं बक्षीस आलं. पेढे घेऊन ताडकळसच्या बाजारात आत्याला गाठलं आणि मोबाईलवर गाणं दाखवलं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं. पेढा हातातच राहिला.

"तिला कुठं ठिवलास रे, जीवन?"

"कुणाला, आत्या?"

"पंधरा दिस झाले, शेतात गाते नि थांबते, थांबते. ती बोलंनाच झालीय."

पंधरा दिवसांमागंच मी कापाकापी केली होती. म्हटलं, काळजी करू नका, मूळ फाईल हाय, जशीच्या तशी आणून देतो. परत आलो आणि मूळ फाईल उघडली. तिला मी हातही लावला नव्हता.

दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. डाव्या पातीत शेवटपर्यंत गवत.

आत्या पुन्हा गायली नाही. भेटली की एवढंच विचारायची, "सापडली का रे?" मी मान खाली घालायचो. एका माणसाकडं उरलेली एकच गोष्ट मी बक्षिसाच्या एका ढालीसाठी घालवली, याची लाज मला आजही वाटते.

मागच्या आठवड्यात बबलूचा फोन आला. आत्या गेली. माती देऊन आल्यावर मी भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि जुनी डिस्क जोडली. तिचा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नाही.

पाच मिनिटं दहा सेकंद.

'पयली माझी पात गं, बांधाच्या कडंनं…'

'दुसरी माझी पात गं, तुझ्या गं जोडीनं…'

दुसरा आवाज जाडसर, जरा बसका. रुख्मिणीला मी कधी ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी ढसाढसा रडलो. "सापडली, आत्या," असं मोठ्यानं म्हणालो.

मग गाणं थांबलं.

डावी पात स्वच्छ होती. आत्याच्या उजव्या हाताला आणखी एक होती, गवतानं भरलेली. तिच्यात एक खुरपं ठेवलेलं.

आत्या डावीकडं बघत नव्हती. कॅमेऱ्याकडं बघून हसली. मान डोलावली. वाट बघत राहिली.

सहा सेकंद. मग पुढची ओळ.

अशा अकरा जागा आहेत.

काल शेवटच्या जागेला माझ्या तोंडून 'तिसरी' एवढंच निसटलं. आज फाईल पुन्हा उघडली. उजव्या पातीतलं वीतभर गवत निघालंय.