घळीतला घोष

जरा जवळ सरका. आज खरंखुरं सांगते, माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. पटलं नाही तरी चालेल, पण मध्येच उठू नका.

मागच्या माघातली भरदुपार. राजूरजवळचा चुनखडीचा डोंगर. तिथं हल्ली फिरायला पायवाट केली आहे. माझा दीर घनश्याम, आमच्या भजनी मंडळाचा टाळकरी, आणि मी, दोघंच गेलो होतो.

"वयनी, कीर्तनात बसल्यासारख्या बसू नका. चाला!"

"दम तर घेऊ दे रे. तुले कायची घाई?"

हसत-बोलत आम्ही एका अरुंद घळीत उतरलो. दोन्हीकडे पांढऱ्याफटक भिंती.

पाखरांचा आवाज बंद झाला...

"इथं घोष कसा घुमते पाहू," म्हणत त्यानं आरोळी दिली, "बोला, पुंडलिक वरदे...!"

"हरी विठ्ठल!"

घळीतून उत्तर आलं. कितीतरी गळ्यांचं.

आम्हाला कीर्तनाची सवय. हात आपोआप जोडले गेले.

"पाह्यलं वयनी? भिंतीबी आपल्याच मंडळातल्या!"

मी हसले... आणि जोडलेले हात सुटले.

आमचाच आवाज घुमला असता, तर "पुंडलिक वरदे" परत आलं असतं.

"घनश्याम, मागं फीर."

पुढं कुणी नव्हतं. मागं कुणी नव्हतं. तरी पुन्हा घोष झाला... अगदी कानाशी.

आणि घनश्याम भिंतीवर आदळला.

कुणीतरी केस धरून डोकं आपटावं तसा. पुन्हा. पुन्हा. दात तुटले. पांढऱ्या दगडावर रक्त उडालं. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, तर मलाही भिरकावलं.

मग सगळं थांबलं. जणू कुणी वाट पाहतंय...

तो गप्पच. परत आपटला.

तेव्हा कळलं. त्यांना पुढची आरोळी हवी होती.

"बोला, पुंडलिक वरदे!" मी किंचाळले.

"हरी विठ्ठल!"

मार थांबला. तशीच ओरडत, त्याला ओढत निघाले. घळीचं तोंड दिसलं. तिथंच माझा गळा फाटला. तोंडातून नुसती हवा निघाली...

"वयनी, मले सोडू नका..."

माझ्या हातातून त्याला हिसकावलं. मान मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी धावत जाऊन खुणेनं बोलावलेल्या वनरक्षकांनी त्याला बाहेर आणलं. पाठीवर चुन्याचे पंजे उमटले होते. मोठे. आणि लहान लेकरांचेही.

दरड कोसळली असेल, म्हणाले. घळीत एकही दगड पडलेला नव्हता.

देवाचं नाव घेणारे असं मारतात का हो? मला अजून कळत नाही. कीर्तन सोडलं नाही मी. पण घोष झाला, की आधी मागं वळून बघते. माणसंच बसलीत ना...

तुम्ही कधी कीर्तनाला बसलात, तर माझ्या घनश्यामची आठवण काढा.

मनातल्या मनात.