शेवटच्या पानावरचा चेहरा

नेल ब्रॅडशॉला त्या मेनूतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. ती जिथे पेयं बनवायची त्या लंडनच्या लँगफोर्ड हॉटेलातल्या बारची मुख्य जागा. म्हातारे ऑसगुड नाताळात निवृत्त होणार होते आणि पेयांचा नवा मेनू ज्याचा गाजेल त्यालाच त्यांची जागा, असं मॅनेजरबाई मिसेस व्हान्स स्पष्ट म्हणाल्या होत्या. न गाजला तर बाहेरून माणूस येणार आणि नेल व्हिटस्टेबलला बहिणीच्या पबमध्ये बिअरचे नळ ओढायला जाणार. तिथे पगार बरा होता. पण बहीण रोज सकाळी नाश्त्याला 'मी म्हटलं नव्हतं?' वाढणार, हेही धरायला हवं.

हॅमिश कॅरिकला काय मिळणार होतं? तो वर्तमानपत्रात पुढाऱ्यांची अर्कचित्रं काढायचा. मेनूतल्या चित्रांसाठी हॉटेलचं मानधन बेताचंच, पण मेनू छापायला जाईपर्यंत रोज दुपारी एक पेय फुकट आणि बसायला ऊबदार जागा. स्कॉटिश माणसाला थंडी वाजत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा... आणि सांगताना चहाचा कप दोन्ही हातांत घट्ट धरून बसायचा.

प्रेमाची रक्कम दोघांपैकी कुणीच धरलेली नव्हती.

हॅमिश पहिल्यांदा आला तो बार उघडायच्या आधी. बाहेर नोव्हेंबरचं झिमझिमत होतं. आत येऊन त्याने छत्री झटकली ती नेमकी नेलने नुकत्याच सोलून ठेवलेल्या लिंबाच्या सालींवर.

नेलने सालींकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"बार पाचला उघडतो."

"मी गिऱ्हाईक नाही. तुमच्या गिऱ्हाइकांचे चेहरे बिघडवायला आलोय."

"ते आयतेच बिघडलेले आहेत. छत्री तिकडे कोपऱ्यात ठेवा. आणि ही लिंबं आता तुम्हीच सोला."

त्याने सोलली. सालीबरोबर कडू पांढरा गर इतका काढला की ती सगळी नेलने गुपचूप कचऱ्यात टाकली. पण त्याला सांगितलं नाही, हे लक्षात घ्या. नेल ब्रॅडशॉ चूक दिसली की सांगणारी होती.

कल्पना नेलचीच होती. बारमधल्या नेहमीच्या अकरा गिऱ्हाइकांची अर्कचित्रं काढायची आणि प्रत्येक चित्रातून एक पेय बनवायचं. ज्याची जी खोट चित्रात मोठी केली असेल, तीच ग्लासात उतरवायची. बाहेरच्या माणसाला वाटेल, पैसे देणाऱ्याचीच थट्टा? पण इथल्या माणसाला तुम्ही कोबीचा गड्डा करून पेपरात छापलंत, तर तो दुसऱ्या दिवशी फोन करून मूळ चित्र विकत मागतो आणि घरी खालच्या मजल्यावरच्या संडासात टांगतो. दिवाणखान्यात नाही हं, तो बढाईखोरपणा झाला. संडासात टांगलं म्हणजे आपल्याला त्याचं काहीच नाही असं दिसतं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा ते पाहतो. अपमान होतो तो ज्याचं चित्र निघत नाही त्याचा. गॅडस्बी नावाच्या बँकवाल्याचं चित्र निघालं आणि त्याच्या भागीदाराचं नाही, तर भागीदाराने आठवडाभर समोरच्या हॉटेलात जेवण घेतलं.

काम असं चालायचं. दुपारी तीनला हॅमिश काउंटरपाशी कागद पसरायचा. नेल चित्र बघायची... बराच वेळ. मग तिची डावी भुवई वर जायची, आणि ती पाठ न वळवता मागे हात नेऊन बरोबर हवी ती बाटली उचलायची.

निवृत्त जज्जसाहेब त्याने घोरताना काढले, आणि स्वप्नातही हातातला हातोडा उगारलेला. नेलने व्हिस्कीत झोप आणणारी कॅमोमाइलची फुलं मुरवली आणि ग्लासवर लाकडी झाकण दिलं. ते आपटून उघडायचं. लेडी पेनिस्टनचा त्याने बगळा केला. लांब मान, गळ्यात मोती, आणि चोच शेजारच्या टेबलावरच्या ऑलिव्हमध्ये. बाई खरंच ऑलिव्ह पर्समध्ये टाकून घरी न्यायच्या. त्यांच्या पेयात ऑलिव्हचं खारं पाणी आलं, आणि ऑलिव्ह वेगळं, चिमुकल्या पर्समध्ये.

"तुम्ही दुष्ट आहात," हॅमिश म्हणाला.

"बगळा तुम्ही केलात."

"मी फक्त केला. तुम्ही त्याला खायला घातलंत."

चव बघायची तिची रीत ठरलेली. कागदी नळी पेयात बुडवायची, वरचं तोंड बोटाने दाबायचं, थेंबभर उचलून जिभेवर सोडायचा. मग नवी नळी घेऊन त्याला द्यायची. रोज नवी नळी. एका गुरुवारी मात्र तिने तीच नळी बुडवून त्याच्यापुढे धरली. विसरली असेल... किंवा नसेल. हॅमिशने नळीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"कसं आहे?" नेलने विचारलं.

"कळलं नाही. परत द्या."

काउंटरच्या टोकाला ऑसगुड ग्लास पुसत होते. पुसून झालेलाच ग्लास त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

अकरा चित्रं झाली. राहिलं बारावं. लँगफोर्डची रीत अशी, की मेनूचं शेवटचं पेय तो मेनू बनवणाऱ्याच्याच नावाचं असतं. म्हणजे शेवटच्या पानावर नेलचा चेहरा. आणि तिथे हॅमिशची पेन्सिल अडली. सोमवारी म्हणाला उद्या, मंगळवारी म्हणाला परवा. मिसेस व्हान्स छापखान्याला थांबवून थांबवून कंटाळल्या.

"पोरी," ऑसगुड नेलला हळूच म्हणाले, "त्याच्या पिशवीत तुझी पुष्कळ चित्रं आहेत. मी पाहिलीत."

"मग देत का नाही?"

"ते त्यालाच विचार. मी फक्त पिशवी पाहिली."

शेवटी एका दुपारी हॅमिशने पातळ कागदात गुंडाळलेलं चित्र आणलं. मिसेस व्हान्सनी कागद उलगडला आणि त्यांचा चेहरा उजळला. चित्र सुंदर होतं. मऊ केस, सरळ नाक, खाली झुकलेली नजर, ओठांवर असलं-नसलं हसू.

"हेच छापायचं," मिसेस व्हान्स म्हणाल्या. "मी म्हणतच होते, हॉटेलने स्वतःच्या माणसांची थट्टा छापू नये. नेल, उद्या दुपारी चारला छापखान्याचा माणूस येईल. तेव्हाच बाकीचंही ठरवून टाकू."

बाकीचं म्हणजे जागेचं. सगळ्यांना कळलं. मिसेस व्हान्स गेल्या. नेल चित्राकडे बघत राहिली. भुवई जागची हलली नाही.

"ही कोण?"

"तू," हॅमिश म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला आणि आपणच दचकला.

"माझं नाक एवढं सरळ आहे?"

"...साधारण."

"जज्जसाहेब घोरताना काढलेस. पेनिस्टनबाईंचा बगळा केलास. आणि शेवटच्या पानावर मी कोण, तर चर्चच्या काचेवरची संतीण. उद्या सगळं लंडन म्हणेल, बाई दुसऱ्यांची टोपी उडवते आणि स्वतः पावडर लावून बसते. पुन्हा कुणी माझ्या हातचं पिणार नाही."

"मी तर तुला... चांगलं वाटावं म्हणून..."

"एवढं वाईट मला बरेच दिवसांत वाटलेलं नाही."

हॅमिश पेन्सिल बोटांत फिरवत राहिला.

"मला जमत नाहीये, नेल. माणसाची खोट पकडायची आणि मोठी करायची, एवढंच माझं काम. तुझी पकडतो, मोठी करायला घेतो... आणि अर्ध्यावर ती मला आवडायला लागते. मग हात तिला सजवत बसतो."

"हे प्रेमाने बोलतोयस की सबब सांगतोयस?"

"दोन्ही असेल."

नेलने फडकं उचललं, कोरडंच काउंटर पुसलं. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज तसाच थंड.

"मग ऐक. ज्याला माझी खोट दिसत नाही त्याने मला पाहिलेलंच नाही. तसली माणसं समोर रोज बसतात, दोन पेयं झाली की त्यांना मी सुंदर दिसते. त्यांच्यात आणखी एकाची भर नको. पाहिलं असशील तर उद्या काढून आण. नाहीतर ही संतीण घेऊन जा आणि तिच्याशीच लग्न कर."

तो चित्र गुंडाळून निघून गेला. छत्री विसरला.

"चारला मिसेस व्हान्सना काय दाखवणार आहेस?" ऑसगुडनी विचारलं. "आत्ताच जागा तुझ्या हातात होती."

"ती त्या संतिणीला मिळत होती," नेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना हॅमिश आला. दाढी न केलेली, डोळे तांबारलेले, बोटांना शाई. त्याने कागद काउंटरवर उलटा ठेवला.

"आधी शिव्या देऊ नकोस."

नेलने तो सुलटा केला. पानभर काउंटरच होतं. किल्ल्याच्या तटासारखं, दगडी, ढगांपर्यंत चढलेलं. खाली मुंग्यांएवढी गिऱ्हाइकं पत्रं, फुलं घेऊन उभी, आणि एक जण शिडी घेऊन. आणि पार वर, तटाच्या कडेवरून दिसत होती फक्त एक भुवई, प्रचंड, कमानीसारखी, आणि खाली पेय सोडणारा एक हात.

नेलने कागद जवळ ओढला.

"सगळ्यांना काय हवं ते तुला ठाऊक असतं," हॅमिश म्हणाला. "तुला काय हवं ते विचारायला कुणी आलं, की तू त्याच्या हातात ग्लास देतेस. लोकांना वाटतं आतिथ्य. तो तट आहे."

"शिडीवाला कोण?"

"त्याच्या पायात मोजे वेगवेगळे आहेत बघ. माझ्यासारखे."

नेलची भुवई वर चढली, चित्रातल्याइतकीच. आणि मग ती हसली. मोठ्याने, नाकातून, जराही सुंदर नाही असं.

तेवढ्यात छापखान्याच्या माणसाला घेऊन मिसेस व्हान्स आल्या. चित्र पाहून त्यांनी ओठ मिटले. "कालचं कुठे आहे?"

"फाडलं," हॅमिश म्हणाला.

"हेच छापा, मॅडम," नेल म्हणाली. "नाहीतर शेवटचं पान कोरं ठेवा. त्या दुसऱ्या बाईच्या नावाने मी जागा घेणार नाही."

बार उघडायला तासभर होता, पण लेडी पेनिस्टन बार उघडायची वाट कधीच बघत नसत. त्या केव्हाच आत आल्या होत्या. मिसेस व्हान्सच्या खांद्यावरून मान लांब करून त्यांनी चित्र पाहिलं आणि घशातून एक विलक्षण आवाज काढला.

"चला, बरं झालं," बाई म्हणाल्या. "आमचीच तेवढी शोभा करणार आणि ही स्वतः साळसूद राहणार असं वाटलं, म्हणून मी माझ्या पुतण्यांना आणणार नव्हते. आता आणते. सगळे सात."

मिसेस व्हान्स धंद्यात मुरलेल्या होत्या. सात पुतणे म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावावं लागलं नाही. त्यांनी चित्र छापखान्याच्या माणसाकडे दिलं आणि जाता जाता म्हणाल्या, "नेल, नाताळानंतर ऑसगुडांच्या जागेच्या नव्या कोटाचं माप द्यायला ये."

मग नेलने बारावं पेय बनवलं. जिन, सुक्या वाइनचा शिडकावा, जेन्शियनचा कडू अर्क, आणि तळाशी न ढवळता सोडलेला पातळ मध. ग्लास तिने हॅमिशपुढे सरकवला.

त्याने घोट घेतला. "कडू आहे."

"थांब."

"अजून कडूच आहे."

"थांब म्हटलं ना."

तो थांबला. शेवटच्या घोटाला त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"...आलं. किती उशीर लावते!"

"तुला घाई होती?"

"नाही." त्याने शेजारची उंच खुर्ची पायाने मागे सरकवली. "आता इकडे ये. या बाजूला."

पांढऱ्या कोटात गिऱ्हाइकांच्या बाजूला बसायचं नाही, हा लँगफोर्डचा नियम. नेल क्षणभर उभी राहिली. मग तिने कोटाची बटणं एकेक काढली, कोट घडी करून काउंटरवर ठेवला, वळसा घालून आली आणि त्याच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत त्या बाजूने तिने बार कधी पाहिलाच नव्हता. बाटल्या फार उंचावर वाटत होत्या. हॅमिशचा खांदा मात्र जवळ होता, आणि ती त्यावर टेकली.

"काय घेणार, मिस?" काउंटरपलीकडून ऑसगुडनी विचारलं, अगदी गंभीरपणे.

"तुम्हीच सांगा. मला... ठरवता येत नाहीये."

त्यांनी तिचंच पेय दोन ग्लासांत बनवलं, मध जरा जास्त घालून. मग बिल आलं. मेनू छापायला गेल्यामुळे हॅमिशचं फुकट पेय संपलं होतं. त्याने खिसे चाचपले. नेल म्हणाली, आज मी गिऱ्हाईक आहे, मी देते. तो म्हणाला, बोलावलं मी. दोघं बिल आपापल्या बाजूला ओढत राहिले, आणि ओढताना हातात हात गेले ते तसेच राहिले.

नेलला जागा मिळाली, हॅमिशला नेल. मिसेस व्हान्सना सात पुतणे मिळाले, आणि लेडी पेनिस्टन भिंतीवर टांगायला स्वतःचा बगळा घेऊन गेल्या. त्या मेनूतून ज्यांना दमडीचं काही मिळणार नव्हतं आणि नाताळात ज्यांचं काउंटरही जाणार होतं, ते एकटे ऑसगुड. त्यांनी त्या दोघांच्या हातांखालून बिल अलगद ओढून घेतलं, चष्मा लावून एकदा वाचलं, आणि स्वतःच्या पाकिटातून पैसे दिले.