दार नसलेलं घर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडा. पण हे घडलंय. माझ्या मावसभावाच्या घरी, रविवारी, भरदुपारी तीन वाजता.

हो, दुपारी. हल्ली भुतांनाही वेळेचं भान राहिलेलं नाही.

या मावसभावाला आम्ही सगळे टवाळ म्हणतो. कुणाची चेष्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. एकदा त्याने साहेबांच्या खुर्चीखाली म्यांव करणारं खेळणं चिकटवलं. साहेब दोन दिवस मांजर शोधत होते!

टवाळ खेळण्यांच्या कंपनीत आहे. त्यांचा खेळ असा: ठोकळ्यांचं घर बांधायचं आणि त्यावर टॅब्लेट धरायचा. टेबलावर नुसते ठोकळे, पण पडद्यावर त्याच घरात छोटी माणसं फिरतात. दारातून माणूस आत आलं की खिडकीत दिवा लागतो. बाहेर गेलं की विझतो. दारच नसेल तर माणूस येत नाही. दिवा लागत नाही.

टवाळचं काम चुका शोधायचं. दिवसभर वेडीवाकडी घरं बांधायची आणि पडद्यावरचा कुठला कुत्रा छपरावर उलटा चालतोय ते लिहून द्यायचं.

मागच्या वर्षी त्याची ताई गेली.

मागे राहिली सात वर्षांची चिमणी. दर रविवारी मामाकडे यायची. ठोकळे घेऊन बसायची. एक शब्द बोलायची नाही.

आणि टवाळला नको ती अक्कल सुचली.

ताईच्या जुन्या व्हॉइस मेसेजमधून त्याने एक वाक्य कापलं. स्वतःच्या टॅब्लेटमध्ये ताईसारखीच लांब वेणीची, चष्मेवाली एक छोटी बाई बसवली. ती दारातून आत यायची आणि म्हणायची, "चिमणे, जेवलीस का गं?"

पोरगी हसेल, असं त्याला वाटलं होतं.

पोरगी हसली नाही.

तिने टॅब्लेटला गाल लावला... आणि तशीच बसून राहिली.

दोन महिन्यांनी चिमणीच्या बाबांचा, भाऊजींचा फोन आला. टवाळ ऑफिसच्या जिन्यात होता. एकटाच.

"अरे, चिमणी घरी धड जेवत नाही. म्हणते, आई विचारेल तेव्हा जेवीन. हाडं दिसायला लागलीत पोरीची. तू काही केलंस का?"

"मी? छे हो भाऊजी! काहीतरीच काय!"

आयुष्यभर लोकांना बनवलं त्याने. पण हे खोटं काही पचेना.

शुक्रवारी त्याने ती बाई पुसून टाकली. आवाजासकट. ताईला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं त्याला.

रविवारी चिमणी आली. टेबलावर घर बांधायला बसली. बायको बाजारात गेली होती. टवाळ समोर बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. कसं सांगायचं?

घर झालं. चार भिंती, एक खिडकी, छप्पर.

"चिमणे, दार राहिलं की गं."

"नकोय."

"मग आत माणूस कसं येणार?"

"आलंय," ती म्हणाली. "दार ठेवलं की जाते ती."

चिमणीने टॅब्लेट उचलला. घरावर धरला.

टवाळने वाकून पाहिलं...

खिडकीत दिवा होता.

बाई नव्हती. आवाज नव्हता. नुसता दिवा. त्याने टॅब्लेट बंद करून पुन्हा चालू केला.

दिवा तसाच.

चिमणी मान हलवत होती. "हो... दोन पोळ्या... हो, भाजीपण."

टवाळने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"चिमणे, ऐक. ती आई नव्हती. ती मामाने केलेली गंमत होती. चुकलं माझं."

"माहितेय मला."

"काय?"

"तू केलेली आई एकच वाक्य बोलायची. मी काही सांगितलं तरी परत तेच. ही ऐकते."

"ही... कोण?"

चिमणीने घराला कान लावला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"ती विचारतेय, बाबांशी खोटं का बोललास?"

...

त्याने तिथूनच भाऊजींना फोन लावला. सगळं कबूल केलं.

"फार वाईट केलंस," भाऊजी म्हणाले. "पण आता जेवतेय ती. शुक्रवार रात्रीपासून."

"आपणहून?"

"ताटावर बसली की आधी थांबते. मग कुणाला तरी हो म्हटल्यासारखी मान हलवते... आणि जेवते."

ते घर अजून टेबलावरच आहे. टवाळ आणि त्याची बायको जमिनीवर बसून जेवतात. चेष्टा केव्हाच थांबली.

घर मोडावं, तर पोरगी पुन्हा उपाशी राहील ही भीती. ठेवावं, तर ताई आत कोंडलेली.

दाराचा ठोकळा हातात घेऊन तो रोज तिथे उभा राहतो. अजून बसवलेला नाही.

बसवला, तर ती बाहेर येऊन आधी कुणाशी बोलेल... ते त्याला पक्कं ठाऊक आहे.