खिडकीतलं टेबल

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर इथंच थांबा. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि शेवटचा भाग मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलाय.

रात्र नव्हती. पाऊस नव्हता. कुत्री रडत नव्हती. भर दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं आणि हॉटेल माणसांनी गच्च भरलं होतं.

हॉटेल म्हणजे एकटंदुकटं नाही, चेन. नाव घेत नाही. आधी एका शहरात एक होतं. मग नवा हायवे झाला आणि हायवेच्या कडेकडेनं यांच्या शाखा निघत गेल्या. सगळ्या एका साच्यातल्या. त्याच खुर्च्या, तेच पिवळे दिवे, आणि रस्त्याकडे तोंड केलेली तीच भली मोठी काच.

त्यातल्या एका शाखेत ताई दारावर असायची. येईल त्याच्याकडे बघून हसायचं, "या, बसा" म्हणायचं आणि टेबल दाखवायचं, हे तिचं काम.

या धंद्यात एक नियम असतो. पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला खिडकीत बसवायचं. आतला गार कोपरा रिकामा असला तरी आधी खिडकी भरायची. रिकामं हॉटेल बघून कोणी गाडी थांबवत नाही. माणूस माणसाला बघून येतो.

पण त्यासाठी आधी कोणी यायला तर हवं!

ताईच्या शाखेत शुकशुकाट होता. समोरून गाड्या सुसाट जायच्या. शेवटी मॅनेजरनं सगळ्यांना जमवलं. त्याला सगळे मागून 'पटपट' म्हणायचे, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता.

"वरून निरोप आलाय. असंच चाललं तर कुलूप लागणार. उद्यापासून प्रत्येकानं घरचं एक माणूस आणून खिडकीत बसवायचं. कॉफी आपली. चला, पटपट."

ताईच्या घरी एकच माणूस होतं. तिचे वडील, म्हणजे माझे काका. मावशी गेल्यापासून ते दिवसभर टीव्ही लावून भिंतीकडे बघत बसायचे. आपण परक्या माणसांना हसून "या, बसा" म्हणतो आणि घरी बाप एकटा, हे ताईला आतून खायचं. तिनं विचार केला, नोकरीही टिकेल आणि बाबाही डोळ्यांसमोर राहतील.

काका तर हरखून गेले. इस्त्रीचा शर्ट काढला, बूट पुसले.

"म्हणजे मी परत कामाला लागलो म्हण की!"

"कसलं काम बाबा, नुसतं बसायचंय."

"अगं, नुसतं बसून पगार घेणारे साहेब मी जन्मभर बघितलेत. सोपं नसतं ते!"

बाकीच्यांचे नातेवाईक दोन-चार दिवस आले आणि कंटाळले. काका मात्र रोज यायचे.

आणि मग वर्दळ सुरू झाली.

एक जोडपं आलं आणि दारातच थबकलं. बाईनं खिडकीकडे बघितलं. परत नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, इथं तर कोणीच नाही... बाहेरून खिडकी गच्च भरलेली दिसत होती."

खिडकीत एकटे काका होते. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

ताई हसली. काच आहे, ऊन आहे, दिसतं कधीकधी असं. पण दुसऱ्या दिवशी एक ट्रकवाला तेच म्हणाला. मग एक शाळामास्तर. मग अजून कोणी.

तिनं घरी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गर्दी असतेच की. पण तुमची गिऱ्हाइकं फार अबोल बाई... समोर येऊन बसतात. कपाला हात लावत नाहीत. नुसती रस्त्याकडे बघत राहतात."

काकांना थट्टेची खोडच होती. ताईला वाटलं, ही पण थट्टाच.

हॉटेलातला कुक चेनच्या पहिल्या शाखेतून बदलून आला होता. हा माणूस कधी पुढच्या दारानं आत यायचा नाही. खिडकीकडे बघायचा नाही. एक दिवस कांदा चिरता चिरता म्हणाला, "ताई, उद्यापासून बाबांना आणू नका."

"का हो?"

"माझी आई पहिल्या शाखेत बसायची."

"मग?"

"...अजून बसते."

ताईला वाटलं, बरंय की, म्हातारीचा वेळ जात असेल. पण त्याचा चेहरा काही तिच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी ती काकांना म्हणाली, आता पुरे, उद्यापासून घरीच थांबा.

काकांचं तोंड एवढंसं झालं. "आणि इथं काय करू? भिंतीशी गप्पा मारू?"

तिला वाईट वाटलं. म्हणाली, बरं, हा आठवडा या. मग बघू.

त्याच आठवड्यात एक सुट्टी आली. सकाळपासून गाड्यांची रीघ लागली. ताईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. लांबून काकांची पाठ दिसायची, खिडकीत, नेहमीच्या जागी. शेजारच्या टेबलावर माणसं बसवताना ती दोनदा म्हणाली, "बाबा, आलेच हं मी."

काका काही बोलले नाहीत.

तिला वाटलं, रुसले.

आजूबाजूला माणसं आली, जेवली, हसली, उठून गेली. नवी आली. दुपार टळून गेली तेव्हा कुठं ती त्यांच्याजवळ पोचली आणि खांद्यावर हात ठेवला.

खांदा गार होता.

डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेलेत. म्हणजे दिवसभर ते तसेच बसले होते, रस्त्याकडे बघत. शाखेतला सगळ्यात गर्दीचा दिवस होता तो.

"मी त्यांच्या शेजारी माणसं बसवत होते रे," ताई मला म्हणाली. "हसून हसून. या, बसा... या, बसा..." आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

पोट कोणाला चुकलंय? थोड्या दिवसांनी ती कामावर गेली. खिडकीतल्या त्या टेबलावर ती कोणाला बसवेना. तरी वर्दळ काही कमी होईना.

एक दिवस एक कुटुंब आत आलं. बाप हसत म्हणाला, "थांबणार नव्हतो हो. पण खिडकीतल्या आजोबांनी हात केला..."

"कोणत्या आजोबांनी?"

त्यानं मागं बघितलं. टेबल रिकामं होतं.

ताई धावत बाहेर गेली. कामाच्या वेळी शाखा बाहेरून तिनं कधी बघितलीच नव्हती.

काचेमागं सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या... अनोळखी माणसं, ताठ बसलेली, समोर कप. आणि त्यांच्यात काका. इस्त्रीचा शर्ट. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते.

ती आत धावली. कोणी नाही. बाहेर आली. सगळे होते. आत. बाहेर. आत. शेवटी पटपटनं दंड धरून तिला थांबवलं.

मी औषधं विकत गावोगाव फिरतो. पुढच्या गावात यांची नवी शाखा निघाली, तिथं मी काकांना पाहिलं. त्याच्या पुढच्या गावातही पाहिलं. नवी काच, नवी पाटी, आणि खिडकीत काका. जिथं शाखा निघते, तिथं पहिल्या दिवसापासून गर्दी. पटपटला बढती मिळाली. आता तो पाच-सहा शाखा सांभाळतो.

मी ताईला म्हटलं, नोकरी सोड, आमच्याकडे चल. सुखानं राहा.

"येते," ती म्हणाली. "पण एक काम कर. मी त्यांच्या समोर जाऊन बसते. तू बाहेर थांब आणि फोनवर सांग मला... ते माझ्याकडे बघतात का."

दुपारची वेळ होती. मी ताईच्या शाखेच्या काचेसमोर उभा राहिलो. काका होते, त्यांच्यासमोरची खुर्ची तेवढी रिकामी. ताई त्यांच्यासमोर येऊन बसली, चेहरा त्यांच्या दिशेनं. आत तिला रिकामी खुर्चीच दिसत असणार. तिनं चाचपडत हात पुढं केला. तो बरोबर त्यांच्या हातावर पडला.

काकांना कळलंच नाही.

"दिसतायत?"

"दिसतायत."

"माझ्याकडे बघतायत?"

ते माझ्याकडे बघत होते. हात वर करून मला आत बोलवत होते, हसून. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी फिरलो, त्या माणसानं मला ओळखलं नव्हतं. त्यांच्या लेखी मी रस्त्यावरचं एक गिऱ्हाईक होतो.

खोटं बोलवेना. "नाही गं, ताई. ये बाहेर. चल घरी."

तिनं हात मागं घेतला आणि पदर सारखा केला.

"रुसलेत," ती म्हणाली. "इतके दिवस आले, मी एकदाही जवळ येऊन बसले नाही ना. बसते आता मी. उतरेल राग."

"ताई, ऐक माझं..."

तिनं फोन खाली ठेवला. खुर्ची रस्त्याकडे वळवली आणि काकांसारखीच ताठ बसली. मी काचेवर थापा मारल्या. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझ्या मागून एक गाडी आली. वेग कमी केला. आणि आत वळली.